पहिलीच बाटली धुराची निघाली

काका, सादर नमस्कार.

मी ३२ वर्षांचा. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, राहायला जुळे सोलापुरात. आजवर वर्षातून दोन-चारदा बिअर आणि लग्नकार्यात एखादा पेग कोला घालून, एवढंच माझं पिणं. दिवाळीत मामेभाऊ लंडनहून आला, त्याने लफ्रॉइग नावाची दहा वर्षांची स्कॉच भेट दिली. जानेवारीत मोहोळकडच्या एका शेतावर हुरडा पार्टी होती, तिथे मोठ्या कौतुकाने ती फोडली. पहिल्याच घोटाला टिंक्चर आयोडीनचा वास! एक मित्र म्हणाला, "काय बे, दवाखाना उघडला का?" मग सगळ्यांनी कोला ओतला, तरी तो वास जाईना. भावाला फोनवर "मस्त होती" असं खोटं सांगितलं. माझी जीभच गावठी आहे का? स्कॉच निवडायची कशी, प्यायची कशी, हे मला मनापासून शिकायचंय. अजून एक. बायकोच्या माहेरी दारूनं घर बसलेलं आहे. ती म्हणते, "शिकायचंच कशाला?" तिला काय सांगू?

(नाव देऊ नये, ही विनंती.)

अरे, तुझी जीभ गावठी नाही, चांगली तल्लख आहे. तुला आलेला टिंक्चरचा वास खरंच त्या बाटलीत असतो. लफ्रॉइगवर जीव टाकणारे लोकही तिच्याबद्दल बोलताना आयोडीन, दवाखाना, समुद्राचं शेवाळ हेच शब्द वापरतात. पार्क चौकाजवळच्या एका परमिट रूमच्या काउंटरवर माझी बावीस वर्षं गेली. तिथे हे मी कितीदा पाहिलंय. माणूस हौसेने पहिल्यांदा स्कॉच मागवतो, नेमकी धुराची निघते, तोंड वाकडं होतं, आणि तो कायमचं ठरवून टाकतो की हे आपलं काम नव्हे. तुझं तसं होऊ नये म्हणून आधी तो धूर येतो कुठून, ते सांगतो.

तू बाटली फोडलीस ती आगटीशेजारी. ज्वारीचं कोवळं कणीस गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसायचं, हातावर चोळायचं, फुंकर मारून दाणे तोंडात टाकायचे. गोडी ज्वारीची, पण वास गोवरीच्या धुराचा. तोच हुरडा गॅसवर भाजून दिला तर मंगळवेढ्याचा माणूस हात लावेल का? स्कॉटलंडमध्ये ज्वारीच्या जागी बार्ली असते. ती भिजवून मटकीसारखे मोड आणतात. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. सत्त्वासाठी नाचणीला मोड आणल्यावर गोडसर चव येते, तीच ही. मग मोड थांबवायला दाणा वाळवावा लागतो, आणि लफ्रॉइग जिथली, त्या आयला बेटावर हे वाळवणं पूर्वापार पीटच्या धुरावर होत आलं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेलं शेवाळ आणि गवत. त्याच्या विटा कापतात, उन्हावाऱ्यात वाळवतात, जाळतात. तिकडची गोवरीच म्हण. धुरातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं दाण्याला चिकटतात ती अशी, की पुढे दारू गाळली, दहा वर्षं लाकडी पिंपात ठेवली, तरी सुटत नाहीत. कोल्याने ती जातील कशी? आणि फिनॉल म्हणजेच जुनं कार्बोलिक. १८६५ साली ग्लासगोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टर यांनी जखमा धुवायला तेच वापरलं होतं. तुझ्या मित्राला दवाखाना आठवला, तो उगाच नाही.

त्या बेटाचं नाव लिहिताना इस्ले दिसतं, म्हणायचं आयला. आपल्याकडे हा शब्द वेगळ्या कारणाने तोंडात येतो, त्यामुळे एकदा ऐकला की कुणी विसरत नाही. लफ्रॉइगचा कारखाना तिथे १८१५ पासून आहे, आणि लगाव्हुलिन, आर्डबेग हे त्याच किनाऱ्यावरचे शेजारी. तिघींच्याही वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नकोस. बाकीच्या बहुतेक स्कॉचमध्ये धूर एकतर नसतोच, नाहीतर जेमतेम जाणवण्याइतका असतो. लहान मुलाला आपण पहिल्या दिवशी शेंगाची चटणी देतो का? आधी साखर-तूप-भाकरी, मग आमटी, मग चटणीची चिमूट. स्कॉचलाही तोच क्रम लावायचा.

आता लेबल वाचायला शीक, कारण फसगत होते ती इथे. स्कॉच म्हणवून घ्यायला कायद्याने ती स्कॉटलंडमध्ये गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली असावी लागते. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं. पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरॅमल सोडून दुसरं काही घालता येत नाही. रंगाला मुभा आहे, म्हणून गडद दिसते ती भारी असं समजू नकोस. 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच कारखान्यातली, फक्त मोडाच्या बार्लीची. 'ब्लेंडेड स्कॉच' म्हणजे बऱ्याच कारखान्यांच्या माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्की एकत्र जमवलेली. यात कमीपणा काही नाही. आपला काळा मसाला आठव: पंधरा-वीस जिन्नस भाजून कुटतात, आणि चांगल्या मसाल्यात एकाचाही वास वेगळा वर येत नाही. जॉनी वॉकर काय किंवा शिवास काय, मूळ किराणा दुकानदारच. किलमार्नॉक नि अॅबरडीनच्या दुकानांत चहा-मसाल्यांबरोबर व्हिस्की विकता विकता त्यांनी हे जमवणं शिकून घेतलं.

'१२ वर्षं' लिहिलेलं असेल तर आतली सगळ्यात कोवळी व्हिस्की १२ वर्षांची. आकडा मोठा म्हणजे तुला जास्त आवडेल, असं काही नसतं. 'बॉटल्ड इन इंडिया' दिसलं तर घाबरू नकोस, ती स्कॉचच असते. मोठ्या प्रमाणात आणून इथे बाटलीत भरलेली, म्हणून स्वस्त. मात्र 'इंडियन व्हिस्की, स्कॉच माल्टसह' अशा अर्थाचं लिहिलेलं असेल तर ती स्कॉच नव्हे. तिच्यात बराचसा भाग इथल्या स्पिरिटचा असतो. आणि आपल्याकडच्या सिंगल माल्टना कमी लेखू नकोस. बेंगळुरूच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोतच नेऊन विकायला ठेवली होती. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, आपल्या हवेत त्याच्या कितीतरी पट, म्हणून आपल्याकडची लवकर मुरते.

भाव तू दुकानात बघशीलच. बाहेरून भरून येणाऱ्या बाटलीवर केंद्राची आयात जकात २०२५ साली १५० टक्के होती. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ती आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. राज्याचा कर वेगळा. याच भावामुळे एक धंदा चालतो, तो सांगून ठेवतो. "मिलिटरी कोट्यातली आहे, ड्यूटी फ्रीची आहे, अर्ध्या भावात देतो" म्हणणारा कुणीतरी ओळखीचा निघतोच. घेऊ नकोस. भारी ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांना भंगारात किंमत मिळते ती कशासाठी, हे मी जवळून पाहिलंय. वाइन शॉपमधूनच घे, बूच आणि सील बघून घे, बिल माग. बाटली संपली की लेबल खरवडून मग भंगारवाल्याला दे. आपल्या राज्यात व्हिस्कीसाठी वय २५ लागतं आणि पिण्याचा परवानाही लागतो. उत्पादन शुल्क विभाग एका दिवसापासून आजीवनपर्यंतचा देतो. तो काढून घे, फार कटकट नसते.

काय घ्यायचं? माझं विचारशील तर लगेच मोठी बाटली घेऊच नकोस. बऱ्यापैकी परमिट रूममध्ये जा आणि ३० मिली, म्हणजे स्मॉल, शिवास रीगल १२ माग. मऊ आहे, मधासारखी गोडसर. पुढच्या खेपेला ग्लेनफिडिक १२: स्पेसाइड भागातली सिंगल माल्ट, पिकलेल्या नाशपातीचा वास, धूर नाही. तिसऱ्या खेपेला जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल. तिच्यात तुला पहिल्यांदा धुराची पुसट रेघ सापडेल, आणि ती तू स्वतः ओळखलीस की काय आनंद होतो तो बघ! ती आवडली तर काही महिन्यांनी स्काय बेटावरची टॅलिस्कर, मिरी आणि धूर. तिच्याही पुढे तुझी लफ्रॉइग. या वाटेवर जिथे जीभ रमेल तिथे थांब. शिवासपाशीच थांबलास तरी कुणाला स्पष्टीकरण द्यायला नको.

आता पिण्याचं. इथे मी जरा सविस्तर सांगणार, कारण चुकतं ते इथेच.

जेवून घे, निदान भाकरी-भाजीचे चार घास तरी पोटात जाऊ देत. स्टीलचा पेला नको, तोंड पसरट असलेला कटिंगचा ग्लासही नको. वर निमुळता होणारा काचेचा छोटा ग्लास घे. वाइनचा लहान ग्लास चालतो. ३० मिली मोजून ओत, अंदाजाने नको. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण मिळतं ना, ते धुऊन वापर. ग्लास जरा कलता करून फिरव, काचेवरून ती कशी उतरते ते बघ. नाक ग्लासात खुपसू नकोस, अल्कोहोलचा झटका बसतो आणि पुढची पाच मिनिटं कसलाच वास येत नाही. ग्लास हनुवटीपाशी धर, ओठ थोडे उघडे ठेव आणि हळू श्वास घे. काय वास येतो तो पुस्तकी शब्दांत शोधू नकोस. कुणाला गुळाचा वास येईल, कुणाला केळ्याच्या शिकरणाचा, कुणाला आजीच्या सागवानी पेटीचा. माझ्या एका गिऱ्हाइकाला दर वेळी सिद्धेश्वरच्या गड्ड्यातली जत्रेची मिठाई आठवायची. त्याचं बरोबरच होतं.

पहिला घोट अगदी थेंबभर. तो चवीसाठी नसतोच. जीभ तापते, डोळ्यांत पाणी येतं, येऊ दे. एक मिनिट थांब. दुसरा घोट तोंडात घोळव, जिभेच्या कडांना लागू दे, मग गीळ आणि नाकाने श्वास सोड. चव तिथे कळते. मग चहाच्या चमच्याने पाणी घाल, एक चमचा, आणि पुन्हा वास घे. बदललेला असेल. २०१७ साली स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर याचा हिशेब मांडला: पाण्याचं प्रमाण वाढलं की ग्वायकॉल नावाचं धुराच्या वासाचं द्रव्य पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाच्या जवळ. चव जमवणारे तिकडचे कारागीरसुद्धा व्हिस्की साधारण २० टक्क्यांवर आणून हुंगतात. म्हणजे ३० मिलीला जवळजवळ तेवढंच पाणी! तेव्हा "नीट (पाण्याविना) मारतो तोच खरा" म्हणणाऱ्याकडे तू लक्ष देऊ नकोस.

बर्फाचंही असंच. पुस्तकांत लिहितात, खोलीच्या तापमानाला प्या. ती खोली स्कॉटलंडची, पंधरा-अठरा अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना घरातली बाटलीसुद्धा हाताला कोमट लागते, आणि कोमट व्हिस्कीतून आधी नुसतं अल्कोहोल नाकात घुसतं. उन्हं चढायला लागलीच आहेत. तू खुशाल बर्फाचा एक मोठा खडा टाक, नाहीतर फ्रिजमधलं थंड पाणी घाल. त्याने वास थोडा दबतो, पण घशाखाली सुखाने उतरते. दोन-तीन पट थंड सोडा घातलास तर संध्याकाळी गच्चीवर फार छान लागते. त्यासाठी मात्र साधी ब्लेंडेड घे.

आणि पाणी कुठलं, याला आपल्या गावात फार महत्त्व आहे. नळाला काही दिवसांआड येणारं, पिंपात साठवलेलं पाणी क्लोरिनचा वास धरून असतं, बोअरचं तर जडच. ते घातलंस तर बिचाऱ्या व्हिस्कीला दोष लागेल. फिल्टरचं, नाहीतर उकळून गार केलेलं घे, आणि बर्फही त्याच पाण्याचा कर.

चकण्याचं सांगायला जीव थोडा जड होतो, कारण मला आपली शेंगाची चटणी अतिशय प्रिय आहे. पण पहिल्या ३० मिलीबरोबर ती नको. लसूण आणि तिखट एकदा जिभेवर बसलं की शिवास काय आणि टिंक्चर काय, फरक कळणार नाही. कडक भाकरीचा तुकडा मोडून घे, साधे भाजलेले शेंगदाणे घे. ज्वारी आणि बार्ली एकमेकींना छान ओळखतात. चटणी नंतर जेवणात आहेच.

तुझ्या बायकोच्या प्रश्नावर मात्र मला हलकं बोलता येणार नाही.

काउंटरवर असताना एक यंत्रमाग कामगार दर शनिवारी आठवड्याचा पगार घेऊन यायचा. त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी बाहेर पायरीवर बसून राहायची, बाप पडला तर घरी न्यायला. मी तिला लिंबू सरबत पाठवायचो आणि आत तिच्या बापाला ओतायचो. माझं काम तेच होतं. एका शनिवारी दोघंही आली नाहीत, त्यानंतरही कधी आली नाहीत. ती मुलगी आज कुणाची तरी बायको असेल, आणि तिच्या घरात कपाटात बाटली दिसली तर तिला काय वाटत असेल, याचा विचार तुझं पत्र वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

म्हणून बायकोला चवीचं शास्त्र समजावायला जाऊ नकोस. ती चवीबद्दल विचारतच नाहीये. तिला खरं काय ते सांग. दारूची शरीराला काही गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटलंय की निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही. आपण चांगला चहा, चांगलं अत्तर शोधतो तशी तुला या चवीची ओढ लागली आहे, एवढंच प्रामाणिक कारण तुझ्याकडे आहे. तेवढंच सांग आणि तिचं ऐकून घे. ती "नको" म्हणाली तर सोडून दे. मी हे मनापासून सांगतोय. स्कॉचवाचून कुणाचं काही अडलेलं मी पाहिलं नाही.

ती "बघ" म्हणाली, तर नियम तिच्यासमोर ठरव. महिन्यातून दोन शनिवार. एका वेळी ३० मिली, फार तर ६०, तेही तासभर लावून आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून. बाटली लपवायची नाही, तिला दिसेल अशा जागी ठेवायची. रागात, दमलेला असताना, एकट्याने कधीच नाही. ६० मिलीत जवळजवळ २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, ते उतरायला शरीराला दोन तासांहून जास्त लागतात. त्या रात्री होटगी रोडवरून गाडी घ्यायची नाही, "जवळच जायचंय" असलं तरी. कुठलीही गोळी चालू असेल, विशेषतः साखरेची, तर आधी डॉक्टरांना विचार. आणि कधी मंगळवारी-बुधवारी हात कपाटाकडे जायला लागला, किंवा तिने "आज मोजून घेतली नाहीस" म्हटल्यावर तुला तिचा राग आला, तर त्याच दिवशी बाटली घराबाहेर काढ आणि कुणाशी तरी बोल. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या मराठीतून सभा होतात. तिथे जायला खूप पडलेलंच असावं लागतं, असं नाही.

राहिली तुझी लफ्रॉइग. टाकून देऊ नकोस आणि कोल्यात तर मुळीच घालवू नकोस. बूच घट्ट लाव आणि बाटली उभीच ठेव. वाइनसारखी आडवी ठेवलीस तर व्हिस्की बूच खाते. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, आतल्या खोलीतल्या कपाटात, अंधारात ठेव. अर्धी भरलेली असेल तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिला काही होत नाही. जानेवारीत पुन्हा त्याच शेतावर जा. आगटी पेटू दे, पहिला हुरडा खाऊन होऊ दे. मग १५ मिली लफ्रॉइग, तेवढंच गार पाणी, आणि तोंडात हुरड्याचे दोन दाणे असतानाच एक घोट घे. गोवरीचा धूर आणि पीटचा धूर एकमेकांना भेटतात की नाही, ते बघ आणि मला कळव.

मामेभावाला मात्र आजच फोन कर. "तेव्हा खोटं बोललो, वास टिंक्चरचा आला होता" असं सांग. त्यालाही पहिल्यांदा तसाच आला असणार.